आबांचा उजवा पाय लाल, डावा हिरवा. १० च्या वर म्हणजे धोका का?

पेठेतली_लेक

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते, शाळेत शिकवते. प्रश्न वडिलांचा आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय ७१. उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर म्हणून ३४ वर्षं काढली. शुगर ९ वर्षांपासून, गोळी चालू आहे. बीपीची एक गोळी आहे, तीपण आईनं हातावर ठेवली तरच घेतात. विडी १२ वर्षांपूर्वी सोडली, तंबाखू-चुना अजून सुटलेला नाही.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतल्या हॉलमध्ये तपासणी शिबिर होतं. "नसांचा कडकपणा मोजून हार्टचा धोका आधीच ओळखा" असा बोर्ड होता. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले, ईसीजीचे चिमटे लावले, दहा मिनिटांत कागद हातात. कागदावर जे आहे ते जसंच्या तसं लिहिते:

दंडावर बीपी १६८/७४. पल्स वेव्ह व्हेलॉसिटी उजवी १८.२, डावी १३.६ मीटर प्रति सेकंद. एबीआय उजवा १.१२, डावा ०.८१. धमन्यांचं वय ८४. उंची १७२.

उजव्या बाजूचा आकडा लाल पट्ट्यात, डावा हिरव्यात. तिथला मुलगा म्हणाला, "डावी बाजू झकास आहे काका, उजवी कडक झालीय." आणि लगेच नसा साफ करायच्या १५ सलाइनचा कोर्स सांगितला. त्याच दिवशी नाव नोंदवलं तर सूट. भावानं घाबरून हजार रुपये भरून टाकले.

रात्री मोबाइलवर वाचत बसले तर सगळीकडे १० मीटरच्या वर धोका असं लिहिलेलं. आबांचा १८.२! तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. आबा मात्र निवांत. म्हणतात, "वय अधिक शंभर, एवढा वरचा बीपी चालतोय. माझा १७१ पाहिजे, तीन कमीच हाय."

हे खरंच इतकं वाईट आहे का? सलाइन घ्यावं का? कडक झालेली नस परत मऊ होते का?

आणि एक राहिलं. रिपोर्टशी संबंध नसेल, पण सांगून टाकते. आबा रोज रंकाळ्यावर फिरायला जायचे, हल्ली अर्ध्यातच बाकावर बसतात. पोटरी भरून येते म्हणतात. डावी. वयाचं आहे म्हणून आम्हीही सोडून दिलं होतं.

बावड्याचा_भाऊ

ताई, पहिलं काम म्हणजे सलाइनला नाही म्हणून सांगा. आमच्या चुलत्यांनी असाच कोर्स केला, पैसे गेले आणि हाताची शीर सुजली ती वेगळीच. चांगल्या फिजिशियनला दाखवा, नाहीतर सीपीआरच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत जावा. निदान डावी बाजू चांगली आलीय, तेवढा तरी धीर धरा. उजवीचं बघू.

नाडीवाली

ताई, रिपोर्ट परत हातात घ्या आणि रंगांवर तळहात ठेवून फक्त आकडे वाचा.

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरातच एका हृदयविभागात १९ वर्षं तंत्रज्ञ होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. हेच पट्टे बांधायचं काम. कुठलं औषध घ्या ते मी सांगणार नाही. पण हे यंत्र काय मोजतं आणि कुठं फसतं, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

सगळ्यात आधी डाव्या पायाचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. डावा हिरवा आला हा आनंद चुकीचा आहे. बावड्याच्या भावा, तुमचाही तोच समज झाला. बहुतेकांचा होतो, शिबिरातल्या पोराचा तर झालाच.

हृदयाचा ठोका पडला की धमनीतून दाबाची एक लाट निघते. ती दंडाला कधी पोचली आणि घोट्याला कधी पोचली, यातला वेळ यंत्र धरतं. अंतराला त्या वेळानं भागलं की वेग आला. नळी मऊ असली तर लाट सावकाश जाते, ताठ असली तर सणसणत जाते. म्हणून जास्त वेग म्हणजे जास्त कडकपणा. हे गणित नळी मोकळी असेल तरच खरं. मांडीत किंवा गुडघ्यामागं धमनी अरुंद झाली असेल, तर लाट अडखळत, पसरट होऊन, उशिरा घोट्याला येते. वेळ वाढला, वेग कमी दिसला, यंत्रानं हिरवा रंग दिला. रस्ता खोदून ठेवलाय म्हणून एसटी हळू आली, आणि आपण म्हणतो ड्रायव्हर सांभाळून चालवतोय! उजवा १८.२ आणि डावा १३.६, एकाच माणसाच्या दोन पायांत एवढा फरक दिसला की आम्ही वेगाचा आकडा बाजूला ठेवायचो आणि एबीआय बघायचो, म्हणजे घोट्याचा वरचा दाब भागिले दंडाचा वरचा दाब.

तो डावीकडं ०.८१ आहे. म्हणजे दंडाचा वरचा दाब १६८ आणि डाव्या घोट्याचा १३६ च्या आसपास. आडव्या झोपलेल्या निरोगी माणसाच्या घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्तच असतो. उजवीकडं तो १८८ च्या घरात आहे, १.१२, म्हणजे ठीक. हा भागाकार ०.९० किंवा त्याच्या खाली आला, तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. अशा बाजूचा वेगाचा आकडा भरवशाचा राहत नाही.

आणि तुम्ही शेवटी जे "एक राहिलं" म्हणून लिहिलंत ना, ते पहिल्या ओळीत हवं होतं. चालताना पोटरीचा स्नायू रक्त मागतो, वाट अरुंद असली की पुरवठा कमी पडतो, पोटरी भरून येते, आवळते. थांबलं की काही मिनिटांत उतरते. आबांना एक विचारा: नुसतं उभं राहिलं तरी दुखणं जातं, की बसून, पुढं वाकूनच जातं? उभं राहून जात असेल तर दोष धमनीचा असण्याची शक्यता जास्त. बसल्याशिवाय, वाकल्याशिवाय जात नसेल तर कमरेच्या मणक्याचाही विचार डॉक्टर करतील. हे उत्तर कागदावर लिहून न्या.

आता तुमच्या झोपेचं खोबरं करणारा तो १० चा आकडा. तो या तपासणीचा नाहीच. ती तपासणी वेगळी, मान आणि जांघ यांच्यामध्ये करतात. मानेच्या नाडीवर पेनासारखं उपकरण टेकवायचं, मग जांघेच्या नाडीवर. त्यात मुख्यतः महाधमनीचा कडकपणा कळतो. युरोपातल्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१३ मध्ये १० मीटरची रेघ त्या मोजणीसाठी मारली. तुमच्या शिबिरात दंड ते घोटा मोजलंय. त्यात पायाच्या धमन्याही आल्या, त्या मुळातच जास्त ताठ असतात, म्हणून आकडा नेहमी मोठा येतो. ही दंड-घोट्याची पद्धत जपानात फार चालते आणि तिथं उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी १८ च्या आसपासची रेघ धरतात. म्हणजे आबांचा उजवा आकडा रेघेवर आहे. तो चांगला नाही, पण १० च्या जवळजवळ दुप्पट असा जो अर्थ तुम्ही काढलात तोही नाही. माप वेगळं, फूटपट्टी वेगळी.

त्यातही त्या दिवशीचा १६८ चा दाब धरा. दाब चढला की भिंत ताणली जाते आणि ताणलेल्या भिंतीवरून लाट जोरात पळते. फुगवलेल्या ट्यूबवर टिचकी मारा आणि ढिल्या ट्यूबवर मारा, तसं. आबा हॉलमध्ये रांगेत उभे होते? आधी चहा झाला होता? तोंडात तंबाखू होती? मी स्वतः पेशंटला आडवं करून दहा मिनिटं गप्प पडू द्यायची, बोलायलासुद्धा द्यायची नाही. शिबिरात तेवढी सवड कोण देणार!

आणि उंची. हे यंत्र टेप लावून अंतर मोजत नाही, उंचीवरून गणितानं काढतं. १७२ ही आबांनी तोंडी सांगितली का? या वयात पाठीचे मणके बसतात, माणूस बुटका होतो. भिंतीला उभं करून मोजा. पाच-सहा सेंटिमीटरची चूक असली तर वेगात तीनेक टक्क्यांचा फरक पडतो. फार नाही, पण रेघेवरचा आकडा लाल की पिवळा हे त्यानं ठरतं.

"धमन्यांचं वय ८४" हे विसरा. वेगवेगळ्या वयांचे सरासरी आकडे कंपनीनं यंत्रात भरलेले असतात, आपला आकडा ज्याच्याशी जुळला ते वय छापून येतं. बीपी उतरलेल्या दिवशी तोच कागद ७५ सांगेल. माणसाला घाबरवायला वय बरं पडतं, एवढंच.

मग कडकपणा मोजायला अर्थच नाही का? आहे, मनापासून सांगते. महाधमनी ही नुसती नळी नसते. ठोक्यासरशी ती फुगते, थोडं रक्त पोटात धरून ठेवते आणि हृदय विसावा घेत असताना ते पुढं ढकलते. दिवसाला लाखभर वेळा. त्या भिंतीत रबरासारखे तंतू असतात, आणि मोठेपणी शरीर ते जवळजवळ नव्यानं बनवत नाही. आबांना सांगा, लोखंडसुद्धा सारखं वाकवलं की थकतं, मोल्डरला हे पटेल. तंतू तुटतात, त्यांच्या जागी चिवट तंतू आणि चुना, म्हणजे कॅल्शियम येतं. मग वरचा दाब चढतो आणि खालचा उतरतो. आबांचे १६८ आणि ७४, मधलं अंतर ९४. म्हाताऱ्या माणसात हे अंतर ६० किंवा जास्त असणं म्हणजे मोठ्या धमन्या कडक झाल्याची खूण. ती तुमच्या घरातल्या बीपी मशिनवर फुकटात दिसते. मी १९ वर्षं महागडं यंत्र चालवलं, तरी सांगते, पहिली नजर या वजाबाकीवर टाका.

२०१० मध्ये १७ अभ्यास एकत्र करून एक मोठा हिशोब छापून आला होता. महाधमनीतला वेग सेकंदाला १ मीटरनं जास्त असेल, तर हृदयविकार, पक्षाघात अशा घटनांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी जास्त आढळला, वय आणि इतर कारणं वजा केल्यावर. म्हणजे मोजमापात दम आहे. पण ज्याचं कळत नाही, धोका आहे का नाही असा मध्येच लोंबकळणारा माणूस असेल, त्याला या आकड्याचा खरा उपयोग. आबांचं तसं नाही. ७१ वय, शुगर, १६८ चा दाब, तंबाखू आणि आता ०.८१. धोका जास्त आहे हे वेग न मोजताही ठरलंय. पायाच्या धमनीत जो गाळ साचतो, तोच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असतो, म्हणून पायाचा आजार म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर हृदय-मेंदूसाठी जपतात.

"वय अधिक शंभर" हा हिशोब माझ्या आजीपासून ऐकतेय. तो चुकीचा ठरून तीस वर्षांवर झाली. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या ४७०० हून जास्त लोकांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांचा वरचा दाब १६० किंवा जास्त आणि खालचा ९० च्या आत, अगदी आबांसारखे. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. १९९१ मध्ये निकाल लागला, औषधवाल्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी. आबांना सांगा, हे तुमच्याच वयाच्या लोकांवर बघितलंय.

सलाइनबद्दल बावड्याचा भाऊ बरोबर सांगतोय. नसा धुणारं म्हणून जे चिलेशनचं, म्हणजे रक्तातले धातू बाहेर काढणारं सलाइन देतात, त्यावर मोठी चाचणी झाली, शुगर असलेल्या आणि आधी हृदयाचा झटका येऊन गेलेल्या लोकांवर, आणि २०२४ मध्ये निकाल छापून आला. रक्तातलं शिसं उतरलं, पण झटके, पक्षाघात, मृत्यू काही कमी झाले नाहीत. हजार रुपये गेले तर जाऊ देत, पुढचे देऊ नका.

आता आज रात्रीच करायचं काम. आबांना झोपवा, दोन्ही पावलांवर हात ठेवा. डावं गार लागतंय का? पावलाच्या वरच्या अंगाला, अंगठ्याच्या शिरेला लागून दोन बोटं हलकी ठेवा, तिथं नाडी लागते. जोरात दाबलं तर आपल्याच बोटाचे ठोके लागतात, म्हणून अगदी हलकी. काही चांगल्या लोकांनाही ती जन्मतः लागत नाही, म्हणून आतल्या घोट्याच्या मागंही बघा. मग बोटांच्या बेचक्या आणि टाचा उजेडात बघा. जखम, काळपटपणा, फोड असेल किंवा पाय झोपेतसुद्धा दुखत असेल, खाट सोडून खाली लोंबकळत ठेवावा लागत असेल, तर उद्याचा दिवस जाऊ देऊ नका. पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडला तर त्याच क्षणी दवाखाना.

हे इतकं का लिहितेय सांगते. माझे वडील असेच शुगरवाले. दिवाळीला नवं कोल्हापुरी पायताण घेतलं, कर्रकर्र वाजणारं, फार हौस. अंगठ्याच्या पट्ट्याखाली चावलं, मुगाएवढा फोड आला. हळद लावली. तीन आठवडे जवळच्या दवाखान्यात पट्टी बदलत राहिलो, "शुगरची जखम आहे, वेळ लागणार" एवढंच ऐकत. पावलाची नाडी कुणी बघितली नाही. मीपण नाही, आणि मी तर दिवसभर दुसऱ्यांच्या पायांना पट्टे बांधत होते. एका दुपारी वडिलांना आमच्या विभागात नेऊन पट्टा बांधला, ०.४४. दोन बोटं गेली. पायताण आईनं अजून पोटमाळ्यावर ठेवलंय. आबांना अनवाणी हिंडू देऊ नका आणि नवं पायताण सध्या नको.

राजारामपुरी_७वी_गल्ली

मॅडम, वाचून अंगावर काटा आला. माझ्या आईचं विचारते. वय ६८, शुगर २२ वर्षं. दोन महिन्यांपूर्वी तपासणीत तिचा एबीआय दोन्हीकडं १.४६ आला. लॅबवाले म्हणाले, पायाला भरपूर रक्त जातंय, एकदम भारी. पण तळव्याला मुंग्या येतात आणि टाचेच्या भेगा भरत नाहीत. ०.९ च्या वर आहे म्हणजे ठीक ना?

नाडीवाली

नाही ताई. १.४ च्या वर गेला की तो आकडा चांगला नसतो, तो लागूच होत नाही. बरीच वर्षं शुगर असली किंवा मूत्रपिंडाचा आजार असला की घोट्याच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साचतो. नळी सिमेंटच्या पायपासारखी होते. पट्ट्यात कितीही हवा भरली तरी ती दबत नाही, म्हणून घोट्याचा दाब खोटाच मोठा दिसतो. आतून रक्त भरपूर जातंय की तुटपुंजं, ते यातून कळतच नाही. रक्ताचा अडथळा असला तरी १.१ सुद्धा येऊ शकतो, म्हणून जुन्या शुगरवाल्याच्या साध्या आकड्यावरही मी कधी विसंबले नाही.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याला बारीक पट्टा लावून दाब घेतात. अंगठ्याच्या धमन्यांत चुना कमी साचतो. तो दाब दंडाच्या दाबाच्या ०.७० पेक्षा कमी निघाला तर अडथळा धरतात. डॉक्टरांना "अंगठ्याचा दाब आणि डॉप्लर" एवढंच सांगा, त्यांना कळेल. डॉप्लर म्हणजे धमनीतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. टाचेच्या भेगा भरत नाहीत म्हणालात म्हणून सांगते, लवकर जा. मुंग्या शुगरनं बिघडलेल्या मज्जातंतूंच्या असतील, पण न भरणारी भेग रक्ताचीही असू शकते.

पेठेतली_लेक

बारा दिवसांनी लिहितेय. नाडीवाली ताई, त्या रात्री तुमचा निरोप दोनदा वाचला आणि आबांच्या पायथ्याशी बसले. डावं पाऊल खरंच गार होतं. उजव्याची नाडी लगेच लागली, डाव्याची वरही नाही, घोट्यामागंही नाही. आई शेजारी उभी होती, ती म्हणाली दोन हिवाळे झाले, आबा डाव्याच पायात मोजा घालून झोपतात. आम्हाला ते कधी दिसलंच नाही.

उंची भिंतीला उभं करून मोजली. १६६. विचारलं तर म्हणाले, १७२ तालमीत असतानाची. ५० वर्षांपूर्वीची!

बीपी आम्ही घरी सात दिवस घेतलं, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाच्या आधी. तंबाखू-चहाला अर्धा तास लांब ठेवायचं, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प, पाय जमिनीवर, दंड उशीवर छातीच्या उंचीला, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. हे सगळं डॉक्टरांच्या कंपाउंडरनी सांगितलं. आमच्या मशिनचा पट्टा आबांच्या दंडाला अपुरा पडत होता, मोठा आणला तर दहा-बारा आकडे तिथंच उतरले. पहिला दिवस सोडून सरासरी १५४/७२. दोन्ही दंडांत चारच आकड्यांचा फरक. उभं करून घेतलं तर १३८, चक्कर नाही. डॉक्टर म्हणाले उभं राहिल्यावर २० पेक्षा जास्त पडला असता तर औषध फार जपून वाढवावं लागलं असतं, म्हाताऱ्या माणसाला पडून खुबा मोडणं परवडत नाही.

डॉप्लर झालं. डाव्या मांडीतली धमनी अरुंद आहे, पण खाली पुरेसं रक्त जातंय, त्यामुळं आत्ता शस्त्रक्रिया किंवा फुगा घालून धमनी रुंद करणं नको म्हणाले. बीपीची दुसरी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्त पातळ ठेवायची एक. घरात १३५/८५ च्या आत आणायचं आहे, पुढं बघून अजून खाली. शुगर कडक सांभाळायची. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, त्यात खर्डा, पापड, लोणचं सगळं आलं. आबांच्या ताटात मिरचीच्या खर्ड्याशिवाय घास उतरत नव्हता, आता आई मीठ न घालता लसूण-शेंगदाणा वाढवून करते, पहिल्या दिवशी ताट सरकवलं, आता खातात. तंबाखूवर मात्र रोज भांडण आहे. डॉक्टरांनी सोडवायच्या गोळ्या-च्युइंगम सांगितलंय.

सलाइनवाल्यांचे हजार रुपये परत आले नाहीत. फोन उचलत नाहीत.

एक शंका. डॉक्टर म्हणाले चाला, भरपूर चाला. पण चाललं की तर दुखतं! दुखेल तेवढं चालवून पाय बिघडणार नाही ना?

बावड्याचा_भाऊ

ताई, मी त्या दिवशी डावी बाजू चांगली म्हणून बसलो होतो, माफ करा. आमच्या दादांचा जुना रिपोर्ट काढून बघितला. त्यांचा उजवा ०.९३. परवा परत तपासून घेतोय.

नाडीवाली

भावा, माफी कसली. ०.९१ ते ०.९९ हा काठावरचा पट्टा आहे, दादांना चालल्यावर पोटरी दुखते का विचार, आणि शक्य असेल तर चालवून लगेच परत एबीआय घ्यायला सांग. चालल्यावर तो घसरला तर काठाचं उत्तर मिळतं.

ताई, नाही बिघडत. जखम नाही, झोपेत दुखत नाही आणि डॉक्टरांनी चाला म्हटलंय, तर हेच औषध आहे. आबांना सांगा: बाकापासून निघायचं, पोटरी भरायला लागली की लगेच थांबायचं नाही, चांगली बऱ्यापैकी दुखेपर्यंत जायचं, मग थांबायचं. पूर्ण उतरू द्यायचं. परत निघायचं. थांबे धरून ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान बारा आठवडे. छातीत दडपण आलं किंवा धाप फार लागली तर मात्र तिथंच बसायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. पायात बंद, मऊ बूट. घरी आल्यावर मोजे काढून पाय बघायचे, रोज. शेकायला गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, गारठलेल्या पायाला चटका कळत नाही.

सुरुवातीला किती चालता येतं ते लिहून ठेवा. आमच्याकडं येणारे म्हातारे रिपोर्टचा वेग कधी विचारायचे नाहीत, पण "गेल्या महिन्यात दोन खांब, आता पाच" हे न विचारता सांगायचे.

पेठेतली_लेक

आईनं वही केली. आज सकाळी रंकाळ्यावर, पहिल्या थांब्याआधी ३१० पावलं. आबांनी स्वतः मोजली, मोठ्यानं. थांबे चार. डावा तळवा बघितला, साफ आहे.